गाणं आत्याचं, नाव माझं

माझ्या आत्याला एकच गाणं दोनदा सारखं म्हणता येत नाही, हे मला कॅमेरा उभा केल्यावर कळलं. तिची गाणी तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. कापूस वेचताना ती पुढे असायची, ती म्हणायची, बाकीच्या बाया मागून उचलून धरायच्या, आणि आम्ही पोरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बोरं खायचो. गाणं रोज थोडं वेगळं असतं याकडे बोरं खाणाऱ्यांचं लक्ष कशाला जाईल!

मी तेव्हा आदिलाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात व्हिडिओ गाण्यांची स्पर्धा निघाली. भाषा कुठलीही चालेल, मात्र गाणं विद्यार्थ्यानं लिहिलेलं पाहिजे, आणि शूटिंग-एडिटिंग आपलं आपण करायचं. झालं! निम्मं कॉलेज नेरडीगोंड्याकडच्या धबधब्यावर धावलं. आमच्या जिल्ह्यात प्रेमात पडलेल्या माणसाला धबधब्याशिवाय दुसरी जागाच नाही, असं हे व्हिडिओ पाहून कुणालाही वाटेल. मला ते नको होतं. मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं, आपण माझ्या आत्याचं गाणं करू.

ही मैत्रीण भैंसा गावची. वडिलांचं कापडाचं दुकान, भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढणारा. भावाचा जुना कॅमेरा हिच्याकडे असायचा आणि एडिटिंग हिला भावापेक्षा चांगलं यायचं. आम्ही एका खोलीत राहत होतो, एका कुकरमध्ये भात लावत होतो, एकमेकींच्या ओढण्या न विचारता वापरत होतो. माझा स्वभाव तापट, हे सगळ्या कॉलेजला माहीत. सकाळी तिच्याशी भांडायचं आणि दुपारी एकाच डब्यात जेवायचं, अशी आमची रीत होती. तिच्यावर माझा विश्वास होता असं म्हणणंही चूकच होईल. विश्वास ठेवायचा असतो, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पैनगंगेपलीकडे तिचं सासर. नवऱ्यानं तिथंच दुसरं घर केलं, तेव्हा ती जैनथकडच्या आमच्या गावी परत आली आणि राहिली. मी तेव्हा रांगतही नव्हते. बाबांचं गावात किराणा दुकान आहे आणि थोडं शेत. दुकान बाबा पाहतात, शेत खरं म्हणजे आत्याच पाहते. दिवाळीला बाबा आईला आणि तिला एकसारखी साडी आणायचे. हे साऱ्या गावाला माहीत असायचं, कारण बाबाच सांगायचे.

मी तिला विचारलं तेव्हा ती ज्वारी पाखडत बसली होती.

"माह्यं गानं? ते काय पडद्यावर पाह्याची गोष्ट हाय व्हय?"

"हाय. तू नुसती म्हन, आत्या. बाकीचं आमी पाहू."

मग मी तिला नियम समजावून सांगितला. गीतकार म्हणून तिचं नाव टाकता येणार नाही, विद्यार्थ्याचंच लागतं.

"तुहं टाक मंग," ती म्हणाली. "माह्यं नाव पाहून कोन टाळ्या वाजवन?"

ती हसली, मीही हसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तशी मी एका दुपारी कवयित्री झाले. फार वाईट वाटलं असंही नाही. घरचं गाणं आणि घरचंच नाव, त्यात काय एवढं, असं वाटलं.

अशा व्हिडिओत आधी आवाज आणि मग चित्र, अशी पद्धत असते. गाणं शांत जागी रेकॉर्ड करून घ्यायचं, शूटिंगच्या वेळी ते स्पीकरवर लावायचं आणि गाणाऱ्यानं त्याबरोबर ओठ हलवायचे. मैत्रिणीनं दुकानामागच्या खोलीत तेलाच्या पिंपांवर गोधड्या टाकून आत्याचा आवाज घेतला. झकास आला. गाणं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडांचं:

पऱ्हाटी फुटली माय, शेत झालं दुधावानी
ओटी भरू भरू बाई, हात झाले काट्यावानी

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात स्पीकर धुऱ्यावर ठेवला, बायांना ओळीनं उभं केलं आणि गाणं लावलं. आत्या कापूस भरायच्या ओटीला गाठ मारून पुढे झाली आणि तिनं भलतंच काहीतरी सुरू केलं. चाल तीच, शब्द दुसरे.

"आत्या, कालच्यावानीच म्हना ना," मैत्रीण म्हणाली.

"कालचं काल झालं ना बाई. आज दव पडलं हाय, पऱ्हाटी ओली हाय. कोरड्यातलं गानं ओल्यात कसं म्हनू?"

आम्ही परत लावलं. आत्या दोन शब्द म्हणून थांबली आणि स्पीकरकडे रागानं पाहू लागली. "अन् ही बाई कोन हाय? मधातच म्हनून राह्यली!"

"तूच हायस ती!" मी ओरडले. बाया हसून हसून खाली बसल्या. तिसऱ्या वेळी तर आत्यानं त्या स्पीकरचंच गाणं केलं:

धुऱ्यावर डबा काळा, माह्या आवाजाची चोरी
म्या म्हनलं एक बाई, तो म्हन्ते दुसरं पोरी

ऊन वर येत होतं, दव वाळत होतं, मला हवा असलेला मऊ उजेड चालला होता. मी आत्यावर चिडले, बायांवर चिडले, स्पीकरवरही चिडले. मैत्रीण मात्र शांत. तिनं स्पीकर बंद करून पिशवीत टाकला, छोटा माइक आत्याच्या पदराला आतून लावला आणि म्हणाली, "आत्या, तुमाले जे म्हनाचं ते म्हना. कॅमेरा हाय हे इसरून जा." ती मागे सरकली आणि नुसतं घेत राहिली. तिचं तेव्हा बरोबर होतं, हे आज लिहितानाही माझ्या जिवावर येतं.

आत्या खरंच विसरली. बाया कामाला लागल्या, हात चालू झाले, ओट्या भरू लागल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. मग तिनं खाली पाहतच, एक बोंड सोलता सोलता म्हटलं:

भाऊ म्हने बाई माह्ये, घर तुहं, दार तुहं
ताटावर बसली का ईचारते गाव तुहं

मागच्या बायांनी ओळ उचलायची असते. कुणीच उचलली नाही. एकीनं तोंडाला पदर लावला. आत्या पुढच्या झाडाकडे सरकली आणि पुन्हा पहिलं कडवं म्हणू लागली, तेव्हा कुठे बायांना कंठ फुटला.

ती ओळ कुणावर आहे, हे मी लगेच ओळखलं. कारण आमच्या घरी जेवायला बसलं की बाबा आत्याला विचारतात. रोज नाही, पण बऱ्याचदा. "तुह्या गावाकडचं काही समजलं का, बाई?" मी हे वर्षानुवर्षं ऐकत होते आणि मला ती चौकशी वाटत होती. भाऊ बहिणीच्या सासरची खबर घेतो, चांगलं आहे, असं. घास हातात असताना हा प्रश्न ऐकणाऱ्या बाईला काय ऐकू येत असेल, ते मला त्या दिवशी पऱ्हाटीत उभं राहून कळलं.

आणि दुसरंही कळलं. बाबा तापट नाहीत, पण मानी आहेत. बहिणीला सांभाळणारा भाऊ म्हणून गावात त्यांचं नाव आहे, आणि आत्याचं आमच्या घरातलं राहणं त्या नावावरच टिकलेलं आहे. ही ओळ बाबांच्या कानावर गेली तर ते आत्याला घराबाहेर काढणार नाहीत, पण तिला घरात राहणं अशक्य होईल. ती जाणार कुठे? नदीपलीकडे?

शूटिंग संपल्यावर मी मैत्रिणीला बाजूला घेतलं. "ती ताटाची ओळ काढायची."

"अगं पन तीच त..."

"काढायची म्हनजे काढायची. माह्ये बाबा पाहनार हायत."

"बरं," ती म्हणाली. मग फोटो पाठवते म्हणून तिनं आत्याला आपला नंबर दिला. आत्याच्या साध्या फोनवर फोटो येत नाहीत, हे मी सांगितलं, तर म्हणाली, असू दे.

पुढचे कितीतरी दिवस कॉलेज सुटलं की आम्ही लॅपटॉपला चिकटून असायचो. एडिटिंग म्हणजे निवडून निवडून टाकून देणं, हे मला तेव्हा समजलं. तासन् तास काढलेलं सगळं टाकायचं आणि चार मिनिटं ठेवायची. ती ओळ माझ्यासमोर कापली गेली. आवाजाची पट्टी दोन्हीकडून तोडून तिनं मधला तुकडा उडवला, पुढचं कडवं ओढून जोडलं, आणि जोड लक्षात येऊ नये म्हणून वर आत्याच्या हातांचा शॉट टाकला. मी कानाला हेडफोन लावून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. काही कळत नव्हतं. आम्ही खूश होऊन खाली जाऊन मिरची भजी खाल्ली.

आता बाबांना आणायचं होतं. ते माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला आलेले नव्हते. "दुकान कोन पाहीन?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी रुसले, आईनं सांगून पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी आत्याच चुलीपासून म्हणाली, "जा ना भाऊ. पोरीनं एवढं केलं. दुकान मी पाह्यते." आणि बाबा हो म्हणाले. आत्याची मला इतकी माया आली की मी जाऊन तिच्या गळ्यात पडले.

बाबा आले ते नवा पांढरा शर्ट घालून. हॉलमध्ये माझ्याशेजारी बसले. धबधब्यावरची सगळी प्रेमं एकामागून एक वाहून गेली आणि आमचं गाणं लागलं. आधी पडद्यावर पाटी आली, त्यात गीत म्हणून माझं नाव. बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसलं. "माह्यी पोरगी," ते म्हणाले. मी अंधारात एवढी फुलून गेले की पहिलं कडवं माझं ऐकायचंच राहिलं.

मग ते आलं. जिथं हातांचा शॉट पाहिजे, तिथं आत्याचं तोंड आलं, कपाळावर घाम, नजर बोंडावर. आणि आवाज. घर तुहं, दार तुहं. ताटावर बसली का ईचारते गाव तुहं. मला आधी वाटलं, मलाच भास होतोय. हॉलमध्ये तेलुगु मुलंच जास्त होती, त्यांना शब्द कळले नसतील, पण सीमेवरच्या गावांतली आम्हीही पुष्कळ होतो. मागून कुणीतरी "व्वा!" म्हणालं. एका मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला. टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या, चार लोक वाजवत होते म्हणून. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

बाहेर मी त्यांच्या मोटरसायकलपाशी धावत गेले. "जेवून जा ना बाबा."

"दुकान हाय," ते म्हणाले आणि किक मारली.

मैत्रीण व्हरांड्यात कॅमेरा बॅगेत भरत होती. मी तिचा दंड धरला. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, मी सरळच विचारलं, "माह्यासमोर काढली व्हतीस ना ती ओळ?"

"काढली व्हती. परत टाकली."

"काऊन?"

"आत्यानं फोन केला व्हता. ताटाची ओळ हाय का म्हने. म्या म्हनलं, नाही. म्हने, टाक. अन् तुले सांगू नोको म्हने."

मी तिला खोटारडी म्हटलं. तुला बक्षीस पाहिजे होतं, त्यासाठी माझ्या घराचा तमाशा केलास, आणि आता त्या बिचाऱ्या बाईवर ढकलतेस, म्हटलं. आणखीही पुष्कळ बोलले, तिच्या भावाबद्दल, तिच्या दुकानाबद्दल. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आवाज त्यांचा, गानं त्यांचं," एवढंच ती म्हणाली. "मी तुह्यं ऐकाचं का त्यांचं?"

"माह्यं!" मी म्हटलं. "मैत्रीण माह्यी हायस!"

तिनं बॅगेची चेन लावली, खांद्याला अडकवली आणि निघाली. त्याच संध्याकाळी मी माझं अंथरूण उचलून शेजारच्या खोलीत गेले. आमच्या गाण्याचा नंबर आला म्हणतात. बक्षीस तिनं एकटीनं घेतलं, मी पाहायलाही गेले नाही. आत्याचं गाणं म्हणाल तर तिनं आत्याचं ऐकलं, मान्य. पण एका खोलीत राहून, माझ्याच कुकरमधला भात खाऊन, ती इतके दिवस माझ्या तोंडावर "झालं हं, फायनल झालं" म्हणत राहिली. ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जैनथ आणि तिथून ऑटोनं गाव गाठलं. आत्या ओसरीत कापसाच्या ढिगापाशी बसून किडका, पिवळा पडलेला कापूस निवडत होती. ती नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. तिनं नाही म्हटलं की नव्या जोरानं जाऊन मैत्रिणीशी भांडायचं, असंही मी ऑटोत ठरवलं होतं.

"आत्या, तू फोन केला व्हता तिले?"

"हाव, केला व्हता," आत्या म्हणाली.

मी तिच्यासमोर खालीच बसले. "काऊन?"

"घरात म्या म्हनलं त भांडन व्हते. तुही माय रडते. तो उठून दुकानात जाते. तुह्या कालेजात त्याले बसून ऐका लागलं."

बाबांना जा म्हणून तिनंच सांगितलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि त्यासाठी मी तिच्या गळ्यात पडले होते.

"मंग मले सांगाचं ना! मले काऊन नाही सांगतलं?"

"तूच त काढली व्हती ते."

"तुह्यासाठी काढली, आत्या!"

तिनं पहिल्यांदा हात थांबवले. "माह्यासाठी नाही पोरी. तुह्या बापासाठी काढली."

मला खोटं वाटलं ते, आणि खोटं आहे असं म्हणताही येईना. मी दुसरीकडून धरलं. "अन् आता त्याईले वाटते, म्याच लिवलं! पाटीवर नाव माह्यं हाय!"

"वाटू दे. तू लेक हायस त्याची. दोन दिस तोंड फुगवन, मंग बोलन. म्या म्हनलं असं समजलं त..." हातातला पिवळा बोळा तिनं टोपलीत टाकला. "तुहं नाव हाय म्हनूनच म्हनलं तिले, टाक म्हनून."

मला रागानं रडू आलं. मी तिला वाचवायला निघाले होते, मैत्रिणीशी भांडले होते, खोली सोडली होती. आणि या दोघींनी मला मध्ये उभं करून आपलं काम उरकून घेतलं होतं. एकीला तिचा व्हिडिओ मिळाला, दुसरीला तिचं म्हणणं म्हणता आलं. माझ्या वाट्याला काय आलं? चोर सोडून संन्याशाला सुळी. "तू मले ईचाराचं तरी होतं," मी म्हटलं. आत्या म्हणाली, "तू नाही म्हनली असती," आणि पुन्हा कापूस निवडू लागली.

बाबा माल घेऊन परतले आणि त्यांनी दुकान उघडलं, तशी मी तोंड धुऊन तिकडे गेले. बाबा एका म्हाताऱ्याला साखर मोजून देत होते. मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले. म्हातारा गेला. बाबांनी तराजू पुसला, पुडा बांधायच्या दोऱ्याचं रीळ सरळ केलं. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "ते ताटाचं... तूच लिवलं व्हतं?"

एक 'नाही' पुरेसा होता. भिंतीपलीकडे ओसरीत आत्या बसली होती आणि नेहमी काहीतरी गुणगुणणारी ती बाई आता अगदी गप्प होती. ती ऐकत होती, हे मला कळत होतं. तिनं माझ्यावर एवढी पैज लावली होती आणि मी ती उधळून दिली असती तर कुणी मला नावं ठेवली नसती. मला उधळायची फार, फार इच्छा झाली. या दोघींनी माझं काय ठेवलं होतं की मी त्यांचं ठेवावं?

"हाव," मी म्हटलं.

बाबा रागावतील, असं मला वाटलं. किंवा म्हणतील, नाही, तू असं लिहिणार नाहीस, माझी पोर आहेस तू, मला माहीत आहे. मी खोटं बोलत होते तरी हे ऐकायला मी कान टवकारले होते. त्यांनी बरणीचं झाकण लावलं.

"मले वाटलंच," ते म्हणाले.